मिक्सिंगच्या टेबलावर जपान

आमच्या धंद्यात बक्षीस म्हणजे पार्टीने ठरलेले पैसे काही न कापता दिले, एवढंच. मी अमळनेरला लग्नाची मिक्सिंग करते. शूटिंगवाले हार्ड डिस्क आणून टाकतात. मी हळद, मांडव, लग्न, पाठवणी ओळीने लावते. लांबलेल्या मंगलाष्टकांना कात्री लावायची, मामांच्या नाचाला मात्र हात लावायचा नाही, आणि शेवटी दोन मिनिटांचा टीझर काढून द्यायचा. सीझन नसला की अहिराणी अल्बम साँगचं एडिटिंग असतं. दीर कॅमेरा धरतो, मी टेबल सांभाळते. व्हिजिटिंग कार्डावर स्टुडिओचं नाव आहे आणि दिराचा नंबर.

त्यामुळे मी जपानच्या गाण्यांच्या पुरस्कारांवर लिहायला बसलेय हे कळल्यावर घरात सगळ्यांची करमणूक झाली. मला जपानी येत नाही. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून, तेही मी बघत नाही, ते खातं अकरावीतल्या पुतण्याकडे. पण हे वेड लावलं त्यानेच. "काकू, या गाण्यात कट शोधून दाखव," म्हणत त्याने मोबाइल माझ्या कीबोर्डवर ठेवला.

गाणं साकानॅक्शन नावाच्या बँडचं, २०१० मधलं, 'अरुकु अराउंड'. रात्रीची वेळ, गायक रस्त्याने चालतोय आणि कॅमेरा त्याच्यासोबत सरकतोय. आजूबाजूला कसले तरी तुकडे उभे केलेत, काही आडवे, काही उभे, काही अर्धवट. पहिल्यांदा वाटतं भंगार मांडलंय. कॅमेरा एका ठरावीक जागी पोचतो आणि तेच तुकडे एकमेकांत बसून अक्षरं होतात. त्या क्षणी गायक जी ओळ म्हणतोय तीच ओळ. कॅमेरा पुढे गेला की अक्षरं पुन्हा फुटतात. असं गाणंभर, एका टेकमध्ये.

आता जे कधी गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा, घेऊन वरातीच्या पुढे उलटं चाललेत त्यांनाच कळेल हे काय काम आहे. चालीचा वेग गाण्याच्या तालाशी जुळला पाहिजे, कॅमेऱ्याची उंची जुळली पाहिजे, पाऊल वीतभर चुकलं तरी अक्षर वाचता येणार नाही आणि सगळं पहिल्यापासून. एडिटरला करायला काही ठेवलेलंच नाही! मी टेबलावर बसणारी बाई, तरी मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट हे कोणी केलं ते शोधत बसले. दिग्दर्शक काझुआकी सेकी. आणि त्या शोधात कळलं की या व्हिडिओला जपानच्या मीडिया आर्ट्स महोत्सवात गौरव मिळाला होता. हा महोत्सव तिथल्या सरकारचा सांस्कृतिक विभाग भरवायचा, १९९७ पासून. आता तो बंद झालाय. पण 'अरुकु अराउंड'च्या आदल्या वर्षी तिथे मनोरंजन विभागाचं सर्वांत मोठं बक्षीस कशाला दिलं होतं? तेही एका म्युझिक व्हिडिओलाच. सावर नावाच्या बँडचं 'हिबी नो नेइरो'. जगभरातल्या चाहत्यांनी आपापल्या घरी, संगणकाच्या वेबकॅमसमोर बसून हातवारे केले, आणि ते सगळे चौकोन शेजारी शेजारी लावून पूर्ण गाणं बांधलं. एकाच्या चौकटीतून हात बाहेर गेला की दुसऱ्या देशातल्याच्या चौकटीत शिरतो. साल २००९. ना क्रेन, ना ड्रोन, ना फोर के. क्वालिटी तर आपल्या जुन्या हँडीकॅमपेक्षाही वाईट. आणि सरकार म्हणतंय, या वर्षीचं पहिलं बक्षीस यांना.

मी हे दिराला दाखवलं. तो म्हणाला, "वहिनी, असं एखाद्या पार्टीला दिलं तर पार्टी पैसे परत मागेल." खोटं नाही.

मग मी त्या पुरस्कारांच्या मागेच लागले. दुपारी एक्सपोर्टला लावलं की तास दीड तास मशीन तिचं काम करते, तेवढा वेळ माझा असतो. जपानमध्ये गाण्यांचे पुरस्कार एक नाही, बरेच आहेत, आणि मजा म्हणजे प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. नुसत्या व्हिडिओंसाठी स्पेस शॉवर या गाण्यांच्या चॅनलने १९९६ मध्ये पुरस्कार चालू केले. २०१६ मध्ये नावातला 'व्हिडिओ' गाळून ते संगीत पुरस्कार झाले. एमटीव्हीनेही २००२ पासून जपानची वेगळी आवृत्ती काढली. तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी वाटते. २०११ च्या मार्चमध्ये तिकडे मोठा भूकंप आणि सुनामी झाली, त्या वर्षी जूनमधल्या सोहळ्याचं नाव बदलून तो मदतीसाठी केला, आणि अशा वेळी परदेशी कलाकार जपानला जायला बिचकत होते तरी लेडी गागा तिथे जाऊन गायली. बाकी एमटीव्हीचं आपल्याला माहीत आहेच, चमचम जास्त.

खरी जुनी आणि मानाची गोष्ट म्हणजे जपान रेकॉर्ड पुरस्कार. १९५९ मध्ये संगीतकारांच्या संघटनेने चालू केला. त्याच वर्षी अमेरिकेत ग्रॅमी चालू झाली होती, तिच्यावरून. गायकांनी नाही, कंपन्यांनी नाही, चाली बांधणाऱ्यांनी चालू केला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिलं मोठं बक्षीस हिरोशी मिझुहारा या गायकाच्या 'कुरोई हानाबिरा' या गाण्याला. चाल हाचिदाई नाकामुरा यांची, शब्द रोकुसुके एई यांचे. ही जोडी लक्षात ठेवा. यांचंच दुसरं एक गाणं क्यू साकामोतोने गायलं आणि ते १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. 'सुकियाकी' नावाने जुन्या लोकांनी ऐकलेलं असेल. त्याच वर्षी रेकॉर्ड पुरस्कारही पुन्हा याच दोघांच्या एका तिसऱ्याच गाण्याला गेला.

या पुरस्काराचं मोठं बक्षीस गाण्याला असतं. शिवाय कवीला वेगळं, संगीतकाराला वेगळं आणि चालीला वाद्यं जोडणाऱ्या अरेंजरलासुद्धा वेगळं. अरेंजरला! आमच्याकडे अरेंजर म्हणजे धुळ्याच्या किंवा मालेगावच्या एखाद्या खोलीत कीबोर्ड आणि लॅपटॉप घेऊन बसलेला पोरगा. गाणं हिट झालं तर गायक गावोगाव स्टेज शो करतो, नायिकेला सप्तशृंगीच्या वाटेवर लोक ओळखतात, आणि तो पोरगा पुढच्या गाण्याचा ढोल प्रोग्राम करत बसलेला असतो.

रेकॉर्ड पुरस्काराची आणखी एक गंमत सांगते. १९६९ पासून हा सोहळा ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी व्हायचा, टीव्हीवर थेट. आणि त्याच रात्री एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर 'कोहाकु' नावाचा लाल विरुद्ध पांढरा असा गाण्यांचा सामना असतो, बायका लाल, पुरुष पांढरे. हा कार्यक्रम १९५१ मध्ये रेडिओवर चालू झाला, आणि १९६३ मध्ये तर त्याची प्रेक्षकसंख्या ८१.४ टक्के होती. म्हणजे देशातला बहुतेक टीव्ही एकाच ठिकाणी. मोठ्या गायकांना दोन्हीकडे जायचं असायचं. एकीकडे बक्षीस घेतलं की तसंच सजलेल्या कपड्यात मोटारीत बसायचं आणि टोकियोतून दुसऱ्या हॉलकडे पळायचं. लग्नसराईत एका दिवशी दोन तिथ्या घेतलेल्या बँडवाल्यांना हे लगेच समजेल. २००६ पासून रेकॉर्ड पुरस्कार ३० डिसेंबरला नेला, ती पळापळ संपली. १९७७ मध्ये हा सोहळाही पन्नास टक्क्यांवर लोकांनी बघितला होता. आता तो काळ राहिला नाही. तरी २०२३ आणि २०२४ ला लागोपाठ मिसेस ग्रीन ॲपल या बँडने तो घेतला तेव्हा पुतण्याच्या ग्रुपवर दिवसभर चर्चा.

आता मोजपट्टीचं. तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा 'गोल्ड डिस्क' नावाचा पुरस्कार १९८७ पासून आहे. तो साधा. ज्याची विक्री जास्त त्याला. भांडणच नाही. पण विक्री म्हणजे काय, हा प्रश्न आहेच. एकेबी फोर्टीएट हा मुलींचा मोठा ग्रुप. त्यांच्या सीडीत मतपत्रिका असायची. २००९ ते २०१८ दर वर्षी चाहत्यांनी मतदान करून ठरवायचं की कोणती मुलगी पुढच्या गाण्यात पुढे उभी राहणार. आवडत्या मुलीला जिंकवायचं तर एक सीडी घेऊन भागत नाही. लोक खोकीच्या खोकी घ्यायचे. गाणं एकदाच ऐकायचं, सीडी पन्नास. मग त्या विक्रीच्या आकड्यात गाणं किती आणि मतदान किती?

हे वाचताना मला हसू आलं, कारण आमच्याकडे हेच व्ह्यूजचं चालतं. अहिराणी गाण्यांनी युट्यूबवर जे करून दाखवलंय त्याचा मला अभिमान आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या तालुक्यांतली पोरं कोणाच्या दारात न जाता गाणी काढतात, कोटींच्या घरात आकडे जातात, सुरतेत आणि पुण्यात कामाला गेलेली आपली माणसं ती वाजवतात. पण आकडा हा एकच देव झालाय. निर्माता फोन करतो तो "किती झाले?" म्हणून. आकडे विकत मिळतात हेही सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही. त्यातल्या त्यात प्रामाणिक कसोटी एकच उरलीय, ती म्हणजे हळदीला वाजलं का. बँडवाल्याला ते गाणं बसवावं लागलं, पोरांनी दोनदा मागितलं, म्हणजे गाणं चाललं. या कसोटीवर माझा विश्वास आहे. पण हळदीला नाचायचं नसतं असंही एखादं गाणं चांगलं असू शकतं की नाही? त्याचं काय करायचं?

म्हणून २०२५ चा नवा पुरस्कार मला सगळ्यात जास्त आवडला. 'म्युझिक अवॉर्ड्स जपान'. २१ आणि २२ मेला क्योटोला झाला, पहिल्यांदाच. तिथल्या संगीत व्यवसायातल्या पाच संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी ठरवलं की आधी वर्षभराच्या चार्टवरून यादी काढायची, म्हणजे लोकांनी काय ऐकलं ते आलं. पण विजेता चार्टने ठरवायचा नाही. तो धंद्यातल्या माणसांनी मत देऊन ठरवायचा, म्हणजे गायक, वादक, संगीतकार, साउंड इंजिनिअर, कार्यक्रम भरवणारे. पाच हजारांवर मतदार. साठांवर विभाग.

मे महिना म्हणजे आमचा मरणाचा सीझन. सखाराम महाराजांची पालखी होऊन गेलेली, पण लग्नं काही थांबली नव्हती. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथला रात्रीचा सोहळा आपल्याकडे चहाच्या वेळेपासून. तो युट्यूबवर बाहेरच्या देशांसाठी लाइव्ह होता. एका मॉनिटरवर चोपड्याकडचं लग्न, दुसऱ्यावर क्योटो. सुरुवातीला यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या बँडला मानवंदना दिली. १९७८ मध्ये तिघांनी मिळून हा बँड काढला आणि सिंथेसायझरवर असं काही केलं की आज जगात जो कोणी कीबोर्डवर ताल बांधतो तो थोडाफार त्यांचा देणेकरी आहे. आपला तो मालेगावचा पोरगाही, त्याला माहीत नसेल तरी. तिघांपैकी युकिहिरो ताकाहाशी आणि र्युइची साकामोतो २०२३ मध्ये दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने गेले.

वर्षाचं गाणं ठरलं क्रीपी नट्सचं 'ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न'. हे दोघंच जण, एक रॅप करतो आणि दुसरा डीजे मात्सुनागा, जो २०१९ मध्ये तबकड्या फिरवण्याच्या जागतिक स्पर्धेत पहिला आला होता. हे गाणं एका ॲनिमेचं आणि आमच्या पुतण्याने त्याचा डान्स चुलत बहिणीच्या हळदीत करून दाखवलाय, त्यामुळे ते मला पाठ आहे. नवीन कलाकाराचं बक्षीस तुकी या मुलीला. तिचं पहिलं मोठं गाणं आलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि चेहरा ती दाखवतच नाही. चेहऱ्याशिवाय म्युझिक व्हिडिओ! आमच्या निर्मात्याला सांगून बघा. थंबनेलवर नायिकेचा चेहरा अजून मोठा कर, यावर माझे किती तास गेलेत ते मलाच माहीत.

अल्बमचं बक्षीस मिळालं फुजी काझेला, आणि इथे मी चहाचा कप खाली ठेवला. अल्बमचं नाव 'लव्ह ऑल सर्व्ह ऑल'. आमच्या शेजारच्या काकांच्या हॉलमध्ये पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांचा फोटो आहे, त्याच्याखाली हीच अक्षरं. त्याच्या आधीचा अल्बम 'हेल्प एव्हर हर्ट नेव्हर', तेही बाबांचंच वचन. ओकायामा जिल्ह्यातल्या सातोशो या लहान गावचा हा मुलगा. बापाचं कॉफीचं दुकान होतं, पियानो बापानेच शिकवला, आणि बाराव्या वर्षापासून दुकानात बसून वाजवलेले व्हिडिओ युट्यूबवर टाकायला लागला. त्याच्या 'ग्रेस' या गाण्याचा व्हिडिओ तर त्याने २०२२ मध्ये भारतात येऊन शूट केला. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी ते गाणं ऐकलं. एकदाच ऐकलं, पण पूर्ण ऐकलं.

लक्षात घ्या, तो अल्बम २०२२ चा आणि बक्षीस २०२५ मध्ये. कारण नियमच असा की गाणं कधी आलं हे बघायचं नाही, या वर्षात लोक ते ऐकतायत का हे बघायचं. आमच्याकडे गाण्याचं आयुष्य एक लग्नसराई. पुढच्या अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, ते जुनं झालेलं असतं.

धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्याला मत द्यायचं, हे मला परकं मात्र वाटलं नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर बायका गाणी म्हणतात. आमच्या मोठी माय त्यात मुख्य. मागे एकदा एका नवीन सुनेने मोबाइलवर ऐकलेलं कडवं मध्येच घातलं, तर मोठी मायने तिथल्या तिथे थांबवलं. "नही व माय, हाई आपलं नही शे. हाई कोनी जोडं?" आणि त्याच रात्री एका बाईने स्वतः जुळवलेली ओळ म्हटली, तेव्हा मोठी माय काही बोलल्या नाहीत, फक्त ती ओळ दुसऱ्यांदा स्वतः उचलली. सगळ्या बायकांनी मागे म्हटली. ती ओळ आता दर वर्षी म्हणतात. त्या बाईचं नाव मात्र माझ्या पुतणीच्या वयाच्या पोरींना माहीत नाही. परीक्षा पक्की, निकाल पक्का, फक्त नोंद नाही. जपानवाल्यांनी नोंद केली, एवढाच काय तो फरक, आणि तो मला लहान वाटत नाही.

मी आता कुठे पोचलेय तर पट्टीपाशी. गाण्याच्या शेवटी नावांची पट्टी असते ना, ती. आतापर्यंत तिच्यात निर्माता, चॅनल, नायक, नायिका, आणि मग 'विशेष आभार' म्हणून ज्यांनी ट्रॅक्टर, घोडा, शेत आणि बंगला शूटिंगला दिला ते. गेल्या काही गाण्यांपासून मी गीतकार, अरेंजर, ऑक्टोपॅडवाला, मागे कोरस गाणाऱ्या पोरी यांची नावं विचारून विचारून टाकते, आणि शेवटी एडिटिंगला माझं. पारोळ्याकडचे एक निर्माते बघायला आले होते. म्हणाले, "ताई, हाई शेवटनी पट्टी काढी टाक. लोके नावं वाचाले थोडीच येतस." त्यांचंही बरोबर आहे, शेवटच्या सेकंदांत लोक पुढच्या गाण्यावर जातात आणि ते ग्राफमध्ये दिसतं. थोडी घासाघीस झाली. पट्टी चार सेकंदांवर आली, आणि पूर्ण नावं खाली डिस्क्रिप्शनमध्ये टाकायची असं ठरलं. डिस्क्रिप्शन टाकायचं काम त्यांच्या भाच्याकडे आहे. मी त्याला नावं टाइप करून पाठवलीत, अनुस्वारांसकट. गाणं आखाजीच्या आधी येणार आहे. त्यानेही जर नावं गाळली, तर मी ती पहिल्या कमेंटमध्ये टाकीन. ती पिन करायला चॅनलवालाच लागतो, त्याच्याशी बोलणं चालू आहे.